खिडकी पडलेलं इंजिन

9 जानेवारी 2024, मंगळवार

मलकापूरच्या एका पोराची डिझायर टूर टोचन करून आली. 2014चं मॉडेल, डिझेल, पिवळी पाटी, मीटरवर 2,70,000च्या वर. रत्नागिरीहून भाडं घेऊन परतत होता. त्या रस्त्यावर चौपदरीकरणाचं काम चालू आहे. साखरप्याच्या अलीकडं डायव्हर्जनवर खालून दगड लागला. गाडी चालत होती म्हणून तो थांबला नाही. आंबा घाट चढताना ऑइलचा लाल दिवा लागला.

"मेस्त्री, दिवा बघितला मी. पर पाशिंजर होतं, म्हटलं वर आंब्यात जाऊन बघू."

वर पोचायच्या आधीच टकटक सुरू झाली, मग खाडकन आवाज आणि रस्ताभर ऑइल.

रॅम्पवर घेऊन बॅटरी मारली. चेंबरला बोटभर चीर. ब्लॉकला तीन नंबरच्या सिलिंडरखाली खिडकी पडलेली, आतून कनेक्टिंग रॉडचा तुटका तुकडा दिसतोय. पोराचे वडील सोबत आलेत. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या भोकाकडं बघत राहिले. घर त्या गाडीवर चालतं.

10 जानेवारी, बुधवार

इंजिन उतरवलं. तीन नंबरचे बेअरिंग शेल जागेवर नाहीतच. वितळून क्रँकला फासलेत, जर्नल निळा-काळा पडलाय.

दोघांना जवळ बोलावून दाखवलं. गिऱ्हाइकाला नुसता आकडा सांगणं मला पटत नाही, आपलं काय मेलं आणि कशानं मेलं हे त्याला दिसलं पाहिजे. क्रँक आणि शेल यांच्यात जी फट असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. तिच्यात ऑइल दाबानं भरलेलं असतं म्हणून धातूला धातू लागत नाही. 2500 आरपीएमला क्रँक सेकंदाला जवळजवळ 42 फेरे मारतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला जवळजवळ 21 वेळा जाळ होतो. ऑइल नसताना हे किती वेळ निभणार? लाल दिवा म्हणजे पुढच्या गावापर्यंतची सवलत नव्हे, तिथल्या तिथं चावी फिरवायची.

पोरानं विम्याचं विचारलं. दगडानं चेंबर फुटलं ते विम्यात बसेल, पण त्यानंतर गाडी चालवून इंजिन गेलं ते साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी वेगळं इंजिनाचं संरक्षण घ्यावं लागतं. त्यानं घेतलेलं नाही.

11 जानेवारी, गुरुवार

क्रँक आणि ब्लॉक घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथं होत नाही असं काम मी फार थोडं बघितलंय. शेतावरच्या ऑइल इंजिनांपासून या शहराचे हात लोखंडात घडलेत, आणि क्रँक ग्राइंडिंगवाले माझे जुने स्नेही नुसत्या बोटानं जर्नल किती लंबगोल झालाय ते सांगतात. त्यांनी मायक्रोमीटर लावला, क्रॅक टेस्टिंग केलं आणि क्रँक बाजूला ठेवला. "हा घालू नकोस. ग्राइंडिंगचे पैसे मला मिळतील, पर सहा महिन्यांत तुझ्या दारात परत येईल." कामावर पाणी सोडून खरं सांगणारा माणूस. अशा माणसांमुळं आमचा धंदा उभा आहे.

ब्लॉक टाके घालून सांधतात, पण मोठ्या जाड भिंतीच्या इंजिनांना. इथं बेअरिंगच्या बैठकीलगतच फुटलाय. तो सांधून घाटात पाशिंजर न्यायला मी देणार नाही.

12 जानेवारी, शुक्रवार

हिशेब मांडला. नवं हाफ इंजिन सगळ्या खर्चासह सव्वा लाखाच्या पुढं जातं, आणि गाडीची आजची किंमतच जेमतेम त्याच्या दुप्पट. दुसरा जुना ब्लॉक, दुसरा क्रँक, नवे पिस्टन-रिंगा घालून बांधायचं म्हटलं तरी लाखाच्या घरात, वर महिना जाणार. तिसरा मार्ग, चांगलं चालतं जुनं इंजिन आणायचं.

या 1248 सीसी इंजिनाचं एक बरं आहे. फियाटचं मूळ डिझाइन, मारुतीनं डीडीआयएस म्हणून, टाटानं क्वाड्राजेट म्हणून वापरलं. 2020च्या एप्रिलपासून मारुतीनं डिझेल बंद केलं, तरी भंगार बाजारात माल भरपूर. पण नाव एक म्हणून कुठलंही उचलायचं नाही. अर्टिगाचं 90 पीएसचं, त्याचा टर्बो वेगळा. आपल्याला 75 पीएसवालंच पाहिजे, डिझायर किंवा स्विफ्टचं, वायरिंग न कापता बसणारं.

वडील म्हणाले, "निम्मं आत्ता देतो, निम्मं उसाचं बिल आल्यावर." चालेल म्हटलं.

13 जानेवारी, शनिवार

जुना ऑइल फिल्टर कापला. कागदाच्या घड्या कात्रीनं सोडवून वर्तमानपत्रावर पसरल्या आणि बाहेर उन्हात आणल्या. घडीघडीत चमक. पांढुरकी भुकटी शेलच्या वरच्या थराची, तिच्यात तांबूस पापुद्रे खालच्या थराचे. चुंबक फिरवलं तर काळे कण केसांसारखे उभे राहिले, ते क्रँकचं पोलाद. पोरगा गप्प बसून बघत होता.

जे फिल्टरमध्ये अडकलं ते दिसलं. फिल्टर चोंदला की आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढं जातं, म्हणजे हाच चुरा ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या नळीत, सगळीकडं गेलेला. बदललेली इंजिनं महिन्याभरात का बसतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथं असतं. इंजिन दुसरं घालतात, कूलर आणि टर्बो तेच ठेवतात.

15 जानेवारी, सोमवार

संक्रांत. गॅरेज बंद. रात्री मुंबईची गाडी धरली.

16 जानेवारी, मंगळवार

कुर्ला, सीएसटी रोड. चार दुकानं पालथी घातली. पहिल्याकडचं इंजिन धुऊन-पुसून लख्ख केलेलं, पण क्रँक पुली हातानं हलवली तर पुढं-मागं खेळ. दुसऱ्याच्या झाकणाखाली साय आलेली, म्हणजे ऑइलात पाणी. चौथ्याकडचं मळकट होतं, पण क्रँकला खेळ नाही, टाइमिंग चेन ताणलेली नाही आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. मागून ठोकर लागलेल्या डिझायरचं. इंजिन नंबर, मूळ गाडीची कागदं आणि पक्कं बिल मागितलं. बिल नाही म्हणणाऱ्याकडं मी थांबत नाही, चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर तो पोरगा पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणार. 62 हजारांना ठरलं, ट्रान्सपोर्टनं पाठवतील.

19 जानेवारी, शुक्रवार

आज वाद झाला. टर्बो, ऑइल कूलर मिळून 20 हजार वाढले. पोरगा म्हणाला, "टर्बो फिरतोय की मेस्त्री! जुनाच ऱ्हाऊ द्या, पुढं बघू."

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्याच आधारावर. घाटात ऑइल गेलं तेव्हा पहिला मार त्यानंच खाल्ला असणार. बोटानं दांडा हलवून दाखवला, खेळ स्पष्ट होता. तरी त्याचं मन होईना. मग स्पष्ट सांगितलं, जुना टर्बो लावून गाडी माझ्या दारातून जाणार नाही, पाहिजे तर इंजिन घेऊन दुसरीकडं जा. राग आला त्याला, आणि त्याचा राग मला समजतो. 26 तारखेला गणपतीपुळ्याचं भाडं आहे, खिशात पैसे नाहीत. शेवटी माझी मजुरी उसाच्या बिलावर ढकलली आणि तयार टर्बो मागवला.

22 जानेवारी, सोमवार

इंजिन चढलं. त्याआधी चेन किट, पाण्याचा पंप, मागचं-पुढचं ऑइल सील नवं घातलं. इंजिन बाहेर असताना हे स्वस्तात होतं. इंटरकूलर डिझेलनं तीनदा धुतला. इंजेक्टर पंपवाल्याच्या बेंचवर तपासून आणले. चेंबर नवं आणि खाली पोलादी गार्ड.

संध्याकाळी ऑइल भरलं. प्रेशर स्विच काढून तिथं गेज लावला. इंजेक्टरचे प्लग काढून नुसता सेल्फ मारला, थांबून थांबून, गेजचा काटा उठेपर्यंत. ऑइल सगळीकडं पोचल्याशिवाय जाळ द्यायचा नाही. मग प्लग जोडले, चावी दिली. दुसऱ्या सेल्फला घेतलं.

23 जानेवारी, मंगळवार

पन्हाळ्याला जाऊन आलो, गाडीत चौघं बसवून. वाघबीळचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये दाबून घेतला. धूर नाही, पाण्याचा काटा मध्यावर. परतल्यावर गरम इंजिनाला आयडलवर ऑइलचा दाब एक बारच्या वर होता. मागच्या सीलला थेंब नाही.

25 जानेवारी, गुरुवार

गाडी दिली. बिलावर जुन्या आणि नव्या इंजिनाचा नंबर, कुर्ल्याच्या बिलाचा नंबर, सगळं लिहिलं. इंजिन बदललं की चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. आरसी बुकावर नवा नंबर चढला नाही तर उद्या अपघातात विमा कंपनी हात वर करेल. गाडीवर कर्ज उरलेलं नाही, त्यामुळं बँकेची ना-हरकत लागणार नाही.

नंबरची पेन्सिल प्रिंट काढायला पोरगा स्वतःच बॉनेटखाली वाकला. कागद धरून शिसं घासत एकेक आकडा उठवला. पहिली पुसट आली, दुसरी नीट उमटली. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायला ये, जुना फिल्टर तुझ्यासमोर कापू, असं सांगितलंय. सोमवारी आरटीओत जायचं ठरलंय, एजंटाशिवाय, मी बरोबर जाणार आहे.