अळणी

पान वाढताना पहिला मान मिठाचा. लिंबाच्या फोडीशेजारी ते चिमूटभर पडल्याखेरीज ताटाला पूर्णता येत नाही. दिल्लीत चाळीस वर्षे काढलेल्या त्या मराठी घरातही हा रिवाज सुटला नव्हता. निवृत्त प्राध्यापकांचा रक्तदाब लागोपाठ तीनदा १४८/९४च्या आसपास भरला, तेव्हा तो सुटला.

हृदय, मूत्रपिंडे, रक्तातील साखर निर्दोष होती. म्हणून डॉक्टरांनी गोळीऐवजी तीन महिन्यांची मुदत दिली. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. रोज अर्धा तास झपझप चालणे. वजनात थोडी घट. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो, हे प्राध्यापकांच्या बुद्धीला पटले. जिभेला पटेना. ज्या मिठाला जन्मभर जागायचे, त्यालाच पारखे व्हायचे!

पापड गेले, सांडगे गेले, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. पत्नीने मात्र दोन आमट्या शिजवल्या नाहीत. स्वतःच्याही पानातले मीठ कमी केले. “अहो, दोन चवींचे एक घर होत नाही,” एवढेच ती म्हणाली.

पहिला महिना कठीण गेला. मग जीभ हळूहळू वळली. दुधीचा गोडवा, मेथीचा कडवटपणा, मिठाआड दडलेल्या कितीतरी चवी पुढे आल्या. लोदी बागेतल्या जुन्या घुमटांभोवती पावले सरावली. मुदतीअखेर आकडा १३४/८४ आला.

‘गोळीवाचून जिंकलो’ असे ते सांगत सुटले. ते ऐकून एका स्नेह्याने अनेक वर्षांची आपली गोळी परस्पर बंद केली. काही आठवड्यांनी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. रक्तदाब १८०च्या वर गेला होता. थोडक्यात निभावले. त्याच्या खाटेजवळ बसलेल्या प्राध्यापकांना आपल्या विजयाचा उच्चार करवेना.

आता ते आकडे वहीत टिपून ठेवतात. हा विकार बहुधा मुकाच असतो. बोलते ते मोजमाप. उद्या आकडा चढला, तर गोळी घ्यायची. त्यात पराभव नाही, हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

ताटातली मिठाची जागा मात्र पत्नीला रिकामी ठेववत नाही. तिथे ती लिंबाची दुसरी फोड ठेवते.