गाडी आधी, माणूस नंतर

जुन्या मोटारी आणि नामवंत माणसं यांच्या जोड्या लावण्याचा मला फार दिवसांचा नाद आहे. एखादा फोटो, एखादं साल, पाटीवरचा नंबर, आणि प्रश्न एवढाच : ही गाडी कोणाची? सुट्टीत अंबडच्या मुलांना जमवून मी अशी कोडी घालतो. त्यात मी केलेल्या चुकांचं मूळ एकच. गाडी नीट पाहण्याआधीच मी माणूस ठरवून टाकत असे.

लालबहादूर शास्त्रींनी स्वतःसाठी घेतलेली गाडी कोणती, या प्रश्नाला मी बेधडक ‘अँबेसिडर’ म्हणालो. आमच्याकडे पुढाऱ्याची गाडी म्हणजे पांढरी अँबेसिडर, हेच लहानपणापासून पाहिलेलं. प्रत्यक्षात ती १९६४ची फियाट होती. किंमत १२ हजार, त्यातले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले आणि राहिलेलं कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ‘पैसे कुठून आले?’ एवढं जरी मी मनाशी विचारलं असतं, तरी सरकारी गाडीचं नाव तोंडातून गेलं नसतं.

दुसरी चूक तर घरच्या इतिहासातली. अंबड १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे ‘निजाम’ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर उस्मान अलीच येतात. सिंहासनासारखी बैठक असलेली पिवळी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट त्यांनीच मागवली, असं मी ठामपणे लिहून दिलं. ती मागवली होती त्यांचे वडील महबूब अली खान यांनी. ते १९११मध्ये वारले आणि गाडी मुलाच्या वाट्याला आली. कोड्यात मागणीचं साल दिलेलं होतं. मी ते वाचलं, पण त्याचा हिशेब केला नाही.

तिसऱ्या चुकीची मला अजून लाज वाटते, कारण तिचा भुर्दंड दुसऱ्याला बसला. मी मुलांना विचारलं होतं, ‘१९४१मध्ये कलकत्त्याहून निसटताना नेताजींनी कोणती गाडी चालवली?’ एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, गाडी वाँडरर होती, पण त्यांनी चालवली नव्हती.’ मला वाटलं, ती उगाच फाटे फोडतेय. मी तिला अर्धेच गुण दिले. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर तिचा शब्द न् शब्द खरा. १६ जानेवारीच्या रात्री एल्गिन रोडवरच्या घरातून बीएलए ७१६९ ही वाँडरर निघाली, तेव्हा चाकावर पुतणे शिशिरकुमार होते. पठाणी वेशातले सुभाषबाबू मागे बसले होते. धनबादजवळ एक दिवस थांबून ते गोमोह स्टेशनवर गेले आणि तिथून कालका मेलने पुढे. माझ्या प्रश्नाने शिशिरकुमारांना त्या रात्रीतून पुसूनच टाकलं होतं. मोठ्या नावाच्या झोतात दुसऱ्याचं धाडस मला दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी सगळ्या मुलांसमोर मी प्रश्न चुकल्याचं सांगितलं, तिचे गुण तिला दिले आणि तिची माफी मागितली.

तेव्हापासून उत्तर देण्याआधी किंवा प्रश्न लिहिण्याआधी मी तीन गोष्टी तपासतो : साल कोणतं, पैसे कोणाचे, चाकावर कोण. ‘शास्त्री, ऑडी १००, मेलबर्न’ एवढ्या धाग्यावर मुलं पटकन १९८३चा विश्वचषक म्हणतात. मी त्यांना सालाकडे वळवतो. १९८३चा अंतिम सामना लॉर्ड्सवर झाला होता. मेलबर्नचा अंतिम सामना मार्च १९८५चा, आणि ती ऑडी रवी शास्त्रींना स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळाली. इथे पैसे कोणाचेच नाहीत, गाडी बक्षिसाची आहे. हे मुलांनी स्वतः शोधलं की जोडी त्यांच्या डोक्यात पक्की बसते.

मुलांना मी आता आणखी एक मुभा दिली आहे. प्रश्नच चुकीचा वाटला, तर तसं उठून सांगायचं. पुरावा दाखवला, तर त्याला पूर्ण गुण.