आठ युरोचं धिरडं



जूनमध्ये तीन आठवडे लेकीकडे पॅरिसला राहून आले. आयफेल टॉवरचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. आज तिथल्या एका साध्या हॉटेलातल्या जेवणाबद्दल सांगायचं आहे, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

दोन वर्षांपूर्वी लेक शिकायला निघाली, तेव्हा तिच्या बॅगेत मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि आपल्या घरातला एक छोटा तवा भरून दिला होता. तिच्याकडे पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी धिरडी करायला घेतली, तर तवा सापडेना. विचारलं तर म्हणाली, "आहे गं आई, दुसरीकडे ठेवलाय." एवढ्याशा खोलीत दुसरीकडे म्हणजे कुठे? मनात पाल चुकचुकली. तवा नाही म्हणजे घरी स्वयंपाक नाही. मग ही बाहेर काय खाते, आणि कशातलं खाते? खरं सांगते, ती कॉलेजला गेल्यावर मी तिचा फ्रीज उघडून एकेक डबा हुंगून पाहिला. काही सापडलं नाही, तरी संशय गेला नाही.

शनिवारी ती म्हणाली, "आज तुला फ्रेंच जेवण जेवायला घालते." मी म्हटलं, "माझा खाकरा बरा." पण तिचं तोंड उतरलं, म्हणून निघाले. संध्याकाळचे सात वाजले होते. रात्रीभोजनाचा प्रश्नच नव्हता. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो!

मोंपार्नास स्टेशनजवळ एका गल्लीत ओळीने क्रेपरी आहेत. ब्रिटनी प्रांताच्या गाड्या याच स्टेशनात येतात, त्यामुळे तिकडची माणसं या भागात स्थिरावली आणि त्यांचं जेवणही. त्यांचा मुख्य पदार्थ म्हणजे गालेत. कुट्टूचं पीठ, पाणी, मीठ, एवढंच. तव्यावर पातळ पसरायचं, आत सारण घालून चारी बाजू दुमडायच्या. धिरड्याची परदेशातली बहीणच म्हणा ना.

लेकीने मेन्यू वाचून दाखवला आणि मी एकेक नाव खोडत गेले. सगळ्यात लोकप्रिय 'कोंप्लेत', त्यात हॅम, अंडं आणि चीज. कोंते चीज तर नियमानेच प्राण्यांच्या रेनेटने बनवतात. पुढे बकरीच्या दुधाचं चीज, वर मध आणि अंजीर. मध मूलगुणांत बसत नाही, अंजीर उदुंबरात मोडतं. पेय म्हणून सफरचंदाची सायडर, म्हणजे दारूच. उरलं काय? साधं पाणी. ते तिथे जेवताना फुकट देतात.

मी म्हटलं, "अगं, आणि तव्याचं काय? त्यावर हॅम भाजलेलं असणार." जुन्या पद्धतीत तवा पुसायला डुकराची चरबी वापरतात, हेही मी कुठेतरी वाचलं होतं.

लेक हसली आणि भटारखान्याकडे बघून हात केला. आतून मालक बाहेर आले, साठीचे गृहस्थ. त्यांच्या हातात एक छोटा तवा होता. मुठीवर जळाल्याचा डाग. तो डाग माझ्या हातून पडला होता.

"तुझाच तवा, आई," लेक म्हणाली. "मागच्या वर्षी त्यांच्याकडे ठेवायला दिला."

मग हळूहळू कळलं. बरोबरच्या मुलामुलींबरोबर कुठेतरी बसावं असं तिलाही वाटायचं. सगळे खायचे आणि ही पाणी पिऊन उठायची. शेवटी एक दिवस हिने या काकांना आपले नियम समजावून सांगितले. कुट्टूचं पीठ ते रात्रभर भिजवून ठेवतात. आपल्याला शिळं चालत नाही, म्हणून हिच्यासाठी वाटीभर ताजं कालवतात. अंडं नाही, लोणी नाही, चीज नाही. वेगळा तवा, वेगळा उलथना, सूर्यफुलाचं तेल. आत टोमॅटो आणि ढब्बू मिरची. ब्रिटनीच्या माणसाला लोणी वगळायला सांगणं म्हणजे आपल्याला फोडणी वगळायला सांगणं. तरी ते करतात.

गालेत आली. कडा जाळीदार आणि कुरकुरीत, मधे मऊ. कुट्टूला भाजलेल्या दाण्यासारखा खमंग वास. त्यावर टोमॅटोचा आंबटपणा. मी दोन खाल्ल्या. दुसरी नुसती साखर-लिंबाची, त्यांनी आग्रहाने केलेली. पहिलीचे आठ युरो, म्हणजे आठशेच्या आसपास. दरातच सेवा धरलेली असते, वर टीप द्यावी लागत नाही. पॅरिसमध्ये एवढ्यात पोटभर जेवण म्हणजे स्वस्तच.

पण खाताना घास मधेच अडला. मी डबे हुंगत होते, तेव्हा ही पोरगी परक्या माणसांत उभी राहून, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये, न लाजता आपला धर्म सांगत होती. मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तवा "दुसरीकडे" होता. नियम मीही पाळते, पण माझ्याभोवती घर आहे, मंदिर आहे, तुम्ही सगळ्या आहात. तिने एकटीने पाळला.

क्षमावाणीला अजून तीन महिने होते. तेवढं थांबले नाही. परत येताना मेट्रोतच तिचा हात धरून म्हटलं, "चुकले गं मी." ती म्हणाली, "डबे हुंगलेस ते कळलं होतं मला. झाकणं उलटी लावली होतीस."

तवा परत आणला नाही. तिथेच राहू दे.