छज्जा

माझी थोरली बहीण पुण्यास कोथरूडला राहते. मागे एकदा पावसाळ्याच्या अखेरीस मी तिच्याकडे गेलो, तेव्हा घरात जणू एक खटलाच चालू होता. आरोपी होते भाच्याचे हेल्मेट. वेताळ टेकडीवरून डोंगरी सायकलीने उतरताना सुट्या दगडावरून चाक घसरले आणि स्वारी तोंडावर आपटली. कोपर सोलले, हनुवटी खरचटली, डोके मात्र शाबूत. पण हेल्मेटच्या पुढे कपाळावर झुकलेला प्लॅस्टिकचा जो व्हायझर असतो, तो निखळून पडला होता. ताई त्याला छज्जा म्हणते.

"एवढे पैसे ओतले, आणि पहिल्याच पडण्यात मोडला! काय उपयोग असल्या वस्तूचा?" ताईचा सवाल बिनतोड होता.

हाताने काहीबाही दुरुस्त करण्याचा मला जुना नाद आहे. बहिणीच्या घरी तर त्याला विशेष बहर येतो. भाचा कॉलेजात गेल्यावर मी एम-सील मळले, दोन स्क्रू पिळले, वरून तांब्याची तार आवळली आणि छज्जा असा पक्का बसवला की त्याला बैल बांधला तरी उपटला नसता. ताईने कौतुकाने दुसऱ्यांदा चहा दिला.

संध्याकाळी भाच्याने माझी कारागिरी उलटीपालटी करून पाहिली. मुलगा गुणी. थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, रागावू नकोस. पण हा मोडायलाच हवा होता."

त्याने हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवले, छज्ज्याच्या टोकाला तळवा लावला आणि हलकेच वर रेटले. माझी मान मागे कलंडली. एवढ्याशा रेट्याने! वेगात पडताना हेच टोक जमिनीत रुतले असते तर? वर्गात दरवर्षी मी फळ्यावर तरफेची आकृती काढतो, टेकू कुठे, भार कुठे, ते मुलांकडून घोकून घेतो. आणि येथे भाच्याच्या मानेसाठी स्वतःच्या हाताने तरफ करून ठेवली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तो न पाहताच तसाच टेकडीवर गेला असता तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

मागाहून कळले की अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या नियमांत तसे स्पष्टच आहे: हेल्मेटच्या पृष्ठभागापासून ७ मिलिमीटरहून अधिक पुढे आलेला असा कोणताही भाग आघाताने तुटला तरी पाहिजे किंवा दबला तरी पाहिजे. आणखी एक गोष्ट भाच्याने दाखवली. आतल्या थर्मोकोलसारख्या थराला कपाळापाशी बारीक भेग गेली होती. तो थर एकदाच चेपतो. चेपला की त्याचे काम झाले. म्हणजे आम्ही सारे छज्ज्यासाठी हळहळत होतो, आणि इकडे हेल्मेटच निकामी झाले होते.

"मग तो बसवतात तरी कशाला?" मी विचारले. खरे सांगायचे तर, हरलेल्या माणसाचा हा शेवटचा युक्तिवाद होता.

उत्तरादाखल रविवारी त्याने नवे हेल्मेट माझ्या डोक्यावर घातले, स्वतःसाठी मित्राचे आणले, आणि मला टेकडीवर नेले. पाषाणच्या बाजूला तोंड केले तर मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत. हनुवटी किंचित खाली घेतली मात्र, सूर्य छज्ज्याआड गेला आणि वाटेवरचे खाचखळगे स्वच्छ दिसू लागले. शेतात उभा माणूस डोळ्यांवर हात धरतो, तोच हात. फक्त येथे दोन्ही हात मुठींवर गुंतलेले. गिरिपुष्पाच्या डहाळ्या टकटक करीत त्याच्यावर आपटत होत्या, त्या एरवी माझ्या चष्म्यावर आल्या असत्या. भुरभुर आली तेव्हा काचाही बऱ्याच कोरड्या राहिल्या.

चढावर मात्र गंमत झाली. दमून मी मान खाली घातली, तर वर छज्जा आणि खाली पुढचे चाक, एवढेच माझे जग उरले. समोर फिरायला आलेले एक वृद्ध गृहस्थ मला दिसले ते त्यांची काठी चाकापुढे आडवी झाली तेव्हा. "टेकडी पायी चालायची असते," ते म्हणाले, आणि मी ब्रेक दाबून मुकाट खाली उतरलो. सडकेवर वाकून शर्यती करणारे हा छज्जा सहसा का बाळगत नाहीत, ते मला तेथे उमगले. डोंगर उतरताना बूड मागे, मान वर; तेथे तो आड येत नाही. भाच्याने तो जरासा वर सरकवून दिला.

हा अवयव मुळात धूळ-चिखल उडवीत धावणाऱ्या मोटारसायकलींच्या शर्यतींतला. कॅलिफोर्नियात १९७६ साली 'रीपॅक' नावाची डोंगरउताराची सायकलशर्यत सुरू झाली, त्या काळच्या छायाचित्रांत कित्येकांच्या डोक्यावर हेल्मेटच दिसत नाही, मग छज्जा कुठला!

जुने हेल्मेट दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून गॅलरीत बसून मी ते करवतीने मधोमध कापले. सर्वांत जास्त वेळ माझ्या एम-सीलनेच खाल्ला. ताई दारात उभी राहून पाहत होती.

"नव्याचा छज्जा तरी पक्का आहे ना रे?" तिने विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी नवे हेल्मेट उचलून छज्जा बोटाने हलवून पाहिला.

"नाही," मी म्हणालो. "चांगला लेचापेचा आहे."