लपायला जागा



फौजी घरात कुत्रा, फ्रीज किंवा सोफा आणायचा असेल तर घरच्या कमांडिंग ऑफिसरची, म्हणजे सौ.ची, मंजुरी लागते. साप आणायचा असेल तर काय काय लागतं, ते मला गेल्या डिसेंबरात कळलं.

आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे. नववीत आहेत आणि ही त्यांची सातवी शाळा. जम्मूला असताना आमच्याकडे एक लॅब्रॅडॉर होता. अंदमानला बदली झाली तेव्हा तो एका सहकाऱ्याकडे ठेवून आलो. "सुट्टीत भेटायला येऊ" असं मी मुलाला सांगितलं होतं. गेलो नाही. त्यानंतर त्याने पुन्हा कधी कुत्रा मागितला नाही. मला वाटलं, विसरला.

बेंगळुरूला आल्यावर सहा महिन्यांनी त्याने माझ्यासमोर चार पानं ठेवली. विषय: बोआ पाळण्याबाबत. वर तारीख, खाली सही. पहिल्या पानावर प्राण्याची माहिती, दुसऱ्यावर कायदा, तिसऱ्यावर खर्च, चौथ्यावर "बदली झाल्यास". चौथं पान कोरं होतं. म्हणाला, "ते तुम्ही भरायचं, बाबा."

सौ. आधी "नाही" म्हणाली. मग "माझ्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवणार नाही" म्हणाली. 'नाही'पासून 'फ्रीज'पर्यंत आली, म्हणजे लढाई अर्धी जिंकली हे आम्हा बापलेकांना कळलं.

आता कायद्याचं आधी सांगतो, कारण हे वाचून कुणाला उत्साह यायचा. आपल्या देशातला कुठलाही साप घरात ठेवता येत नाही. अजगर नाही, धामण नाही, मांडूळ तर मुळीच नाही. आमच्या सातारा भागात लहानपणी मांडुळाच्या नावाने काय काय चालायचं ते मी पाहिलंय. दोन तोंडांचा साप, गुप्तधन दाखवतो, अमुक किलोचा असेल तर लाखो रुपये. त्या बिचाऱ्याला तोंड एकच असतं, शेपूट बोथट असते एवढंच. त्यापायी तो जिवाला मुकतो आणि माणसं तुरुंगात जातात. हे मांडूळही बोआच्याच कुळातलं, पण आपलं. आम्ही आणला तो बोआ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तोही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पिंजऱ्यातच जन्मलेला असल्याचे कागद घ्या, नोंद करा, दुसऱ्याला द्यायचा तर तेही कळवा. कागद नसतील तर घेऊ नका. "सब चलता है" म्हणणारा विकणारा भेटला तर उलट्या पावली परत या.

आमच्याकडे आला तो सहा महिन्यांचा होता. लांबी दोन फुटांच्या आत-बाहेर, वजन १२० ग्रॅम. तपकिरी अंगावर खोगिरासारखे पट्टे आणि शेपटीकडे विटकरी रंग. कापडी पिशवीत घालून, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून, मांडीवर घेऊन मुलगा गाडीत बसला होता. सबंध रस्ता एक शब्द बोलला नाही. मला दोनदा म्हणाला, "बाबा, स्पीड ब्रेकर."

घर आधीच तयार होतं. मला वाटलं होतं, काचेची मोठी पेटी, आत फांद्या, हिरवळ, बघायला बरं. मुलाने आणलं साधं झाकणाचं प्लास्टिकचं खोकं, अडीच फुटांचं, कडेने हवेसाठी भोकं पाडलेलं. म्हणाला, पिल्लाला मोठं घर दिलं तर ते घाबरतं. मोठं झालं की सहा फुटांची पेटी लागणार, पण आत्ता नाही. खाली कागद अंथरला होता. पहिला महिनाभर कागदच बरा, म्हणजे शी दिसते, अंगावर माइट्स आहेत का ते कळतं. एका टोकाखाली गरम होणारी चटई, तिला थर्मोस्टॅट. तिथे ३१-३२ अंश. दुसऱ्या टोकाला २५-२६. साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, म्हणून गरम आणि गार अशा दोन्ही जागा लागतात. कधी कुठे जायचं ते तो ठरवतो. बेंगळुरूच्या डिसेंबरात रात्री पारा पंधरापर्यंत उतरतो, वीजही जाते, म्हणून चटई इन्व्हर्टरवर आणि जोडीला सौ.ची गरम पाण्याची पिशवी राखीव. ओलावा ६० ते ७० टक्के. पाण्याचं भांडं जड, उलटणार नाही असं.

आणि दोन लपायच्या जागा. एक गरम बाजूला, एक गार बाजूला. प्लास्टिकचे वाडगे उपडे घालून कडेला दार कापलेलं. आतमध्ये वेटोळं घातलं की पाठ चारी बाजूंनी टेकली पाहिजे, इतकेच लहान. मी विचारलं, "दोन कशाला? एक पुरे की."

"एकच असेल तर त्याला निवड करावी लागते," तो म्हणाला. "लपायचं की ऊब घ्यायची. मग तो थंडीत लपून बसतो आणि आजारी पडतो."

पिशवीतून सोडल्यावर पिल्लू सरळ गार बाजूच्या वाडग्याखाली गेलं. मुलाने झाकण लावलं, तीन बाजूंनी खोक्याला टॉवेल लावला आणि दारावर कागद चिकटवला: 'सात दिवस हात लावू नये. खायला देऊ नये. पाणी बदलणे फक्त.'

सात दिवस उपाशी? मला ते पटेना. पण हिशोब असा की नव्या जागेत आलेला साप भेदरलेला असतो. भेदरलेल्या सापाला खाऊ घातलं तर तो एक तर खात नाही, नाहीतर खाऊन ओकून टाकतो. आणि एकदा ओकला की पोटाची पार वाट लागते, मग किमान दोन आठवडे काही देता येत नाही. हट्टेकट्टे पिल्लू आठ-दहा दिवस आरामात राहतं. त्याला खाण्यापेक्षा ही जागा आपली आहे हे कळणं आधी लागतं.

आता माझी चूक.

पाचव्या दिवशी शनिवार होता. युनिटमधली चार जोडपी जेवायला आली होती. गप्पांत सापाचा विषय निघाला. कुणी म्हणालं, "सर, दिखाइए ना." मुलगा शिकवणीला गेला होता. मी सगळ्यांना खोलीत नेलं, टॉवेल काढला, वाडगा उचलला. पिल्लू आक्रसून घट्ट गोळा झालं, डोकं वेटोळ्यांत खुपसलं. मी ते उचलून हातावर घेतलं, मोबाइलवर फोटो निघाले. पाच मिनिटं असेल फार तर. सगळं जागच्या जागी ठेवलं.

आठव्या दिवशी पहिलं जेवण होतं. उंदराचं पिल्लू, नुकतंच केस आलेलं, साधारण दहा ग्रॅम. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड असू नये, हा नियम. जिवंत द्यायचं नाही. जिवंत उंदीर सापालाच चावतो, आणि ते उंदरालाही क्रूर. आधी मारून गोठवलेलं आणायचं, रात्रभर खालच्या कप्प्यात वितळू द्यायचं, मग गरम पाण्यात धरून अंगाइतकं ऊन करायचं. मायक्रोवेव्ह मुळीच नाही. शेवटी आम्ही एक छोटा जुना फ्रीज घेतला, फक्त यासाठी. घरातली शांतता साडेतीन हजारांत मिळाली, स्वस्तच म्हणायची.

मुलाने लांब चिमट्यात धरून ते वाडग्याच्या दाराशी नेलं. जीभ बाहेर आली. एकदा, दोनदा. मग आत गेली. डोकं मागे सरकलं. वीस मिनिटांनी त्याने चिमटा बाजूला ठेवला. रात्रभर तिथेच ठेवून पाहिलं. सकाळी तसंच पडलेलं.

"काही तरी झालंय," तो म्हणाला. "कुणी उघडलं होतं का?"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक चौकशा केल्यात. समोरचा खोटं बोलतो तेव्हा आधी पाणी पितो, हे मला माहीत आहे. मी पाणी प्यायलो. मग सांगितलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाबा, तुम्ही नेहमी असंच करता. सामान उघडायच्या आधी पाहुणे बोलावता."

आणि मग तो जे बोलला, ते मी इथे थोडक्यात लिहितो, त्याची परवानगी घेऊन. प्रत्येक नव्या गावी तिसऱ्या दिवशी मी त्याच्या वयाची पोरं घरी बोलवायचो. "चलो, दोस्ती करो." मला वाटायचं, पोर लवकर रुळेल. बिन्नागुडीला तो दुसरीत होता. तिथे महिनाभर त्याने शाळेत डबा खाल्ला नाही. रोज गेटवरच्या कुत्र्यांना घालायचा. आमच्या सहायकाला माहीत होतं, मला नव्हतं. अंदमानच्या घरात काळ्या ट्रंका एकावर एक ठेवल्या होत्या, त्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत तो दुपारी जाऊन बसायचा. मी एक दिवस सगळ्या ट्रंका नीट लावून टाकल्या. घर तीन दिवसांत लागलं याचा मला केवढा अभिमान.

मी एनडीएत गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. पहिल्या टर्मला खडकवासल्यात कुणी न बघता दोन मिनिटं बसायची जागा एकच, बाथरूम. तिथे बसून मी आईची पत्रं वाचलीत. ती जागा नसती तर मी टिकलो असतो की नाही, माहीत नाही. पण ते मी तिथे असेपर्यंतच लक्षात ठेवलं. नंतर रुळायचं कसं हे मी दुसऱ्यांना शिकवायला लागलो.

त्या दिवशी मुलाने दारावरचा कागद बदलला. पुन्हा सात दिवस, पहिल्यापासून. मी ते अक्षरशः पाळले. दिवसाआड पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. सापाला हात लावायचा नाही, फक्त भांडं काढायचं, धुवायचं, भरून ठेवायचं. नंतर स्वतःचे हात साबणाने धुवायचे, कारण अशा प्राण्यांमुळे साल्मोनेला होऊ शकतो. इतकी साधी ड्यूटी मी कित्येक वर्षांत केली नव्हती. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पिल्लू गार वाडग्यातून गरम वाडग्यात गेलं होतं. रात्री आमची पाठ वळल्यावर कधी तरी. मुलाला सांगितलं तर तो हसला. "आता ठीक आहे तो."

सोळाव्या दिवशी रात्री दिवा मालवला, फक्त पॅसेजमधला उजेड. उंदीर ऊन केलेला. जीभ बाहेर आली, डोकं वाडग्याच्या दारात थांबलं. आम्ही तिघं श्वास रोखून. सौ. दारातूनच, पण होती. मग डोळ्यांचं पातं लवायच्या आत झडप. दोन वेटोळी उंदराभोवती. साप गुदमरवून मारतो असं आपण ऐकत आलो. २०१५ साली अमेरिकेत बोआवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की विळख्याने आधी रक्ताभिसरणच बंद पडतं. आमचा उंदीर आधीच मेलेला, पण पिल्लाने आपलं काम चोख केलं. दहा मिनिटांत गिळून झालं. अंगात मध्यावर एक छोटा फुगवटा. मुलाने टॉवेल लावला. आता ४८ तास हात नाही, आणि पुढचं जेवण दहा-बारा दिवसांनी. जास्त प्रेम दाखवायचं नाही.

आईला साताऱ्याला फोन केला. नागपंचमीला सापाला हात जोडणारी बाई, घरात साप आणला म्हणून महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती. "जेवलं का ते बाळू?" एवढंच विचारलं. तेव्हापासून नाव बाळू.

राहिलं चौथं पान. बोआ नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो, तीसही जगू शकतो. माझ्या नोकरीच्या हिशोबात तेवढे दिवस उरलेले नाहीत, आणि बदल्या अजून आहेत. मागच्या आठवड्यात पुढच्या पोस्टिंगचं कळलं. फील्ड आहे. मुलाची दहावी पुढच्या वर्षी.

चौथ्या पानावर मी लिहिलं: 'फील्ड एरिया असल्यामुळे कुटुंब सेपरेटेड फॅमिली अकोमोडेशनसाठी अर्ज करून इथेच राहील. बाळू इथेच राहील. पुढची बदली ठरवताना चिरंजीवांना आधी विचारलं जाईल.' खाली सही केली, तारीख घातली.

त्याने वाचलं, घडी घातली आणि फाइलला लावलं. मग विचारलं, "बाबा, तुम्हाला तिकडे खोली मिळेल ना? की सगळ्यांसोबत राहायचं?"

सोबत राहायचं आहे. बघतो. एखादा कोपरा सापडेल.