होय साहेब

माझा थोरला भाऊ सूतगिरणीत, रिंगखात्यात. मीही त्याच खात्यात. रातपाळीला यंत्रांच्या आवाजात त्याला माणसं बोलताना ऐकू यायला लागली. आई म्हणाली, बाहेरचं काहीतरी हाय. देवरुशी झाला, अंगारा झाला. सरकारी दवाखान्यात नेईस्तोवर पंचवीस खाडे पडले होते. जॉबरला शिवी दिली ती वेगळीच.

गिरणीनं चार्जशीट दिली. चौकशीला मी संगं गेलो. साहेब म्हणाला, तू बाहेर थांब. मी दारातून ऐकत होतो.

"खाडे केलेस?"

"होय साहेब."

"शिवी दिलीस?"

"होय साहेब."

"यंत्र मुद्दाम बंद पाडलंस?"

"होय साहेब."

त्या दिवशी दादा घरात पडून होता. मी त्याला घास भरवत होतो. खाडा आणि बंद पडलेलं यंत्र, दोन्हींची तारीख एकच. ते कुणी बघितलं न्हाई. 'आरोप कबूल' असं लिहून खाली सही घेतली. दवाखान्याचा कागद माझ्या खिशातच राहिला. नोकरी गेली.

पुढं गोळ्या लागू पडल्यावर मी विचारलं, दादा, होय का म्हणालास? म्हणाला, "न्हाई म्हणलं असतं तर अजून विचारत बसले असते रे. डोक्यात आधीच लई जण बोलत होते."

दोस्तहो, याला सुनावणी म्हणायचं? दिवाणी कोर्टात अशा माणसासाठी वादमित्र उभा राहतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं फुकट वकील मिळतो: अनुसूचित जातीच्या माणसाला, मनोरुग्णाला आणि औद्योगिक कामगारालाही. दादा तिन्ही होता. तीन दारं उघडी, आणि एकही दार कुणी दाखवलं न्हाई. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका माणसाच्या बाबतीत सांगितलं, की मनाच्या आजारामुळं ज्याच्या हातून चूक घडण्याचा संभव जास्त, त्याच्यावर इतरांसारखी शिस्तीची कारवाई चालवणं हाही भेदभावच. तो सरकारी नोकर, दादा खाजगी गिरणीतला. पण दुखणं एकच.

चावडीपुढं हात जोडून आपल्या बापजाद्यांनीही असंच 'होय' म्हटलं. त्यांना भीती होती. दादाला भीतीही होती आणि आजारही.

आता प्रकरण कामगार न्यायालयात आहे. फुकटचा वकील मिळालाय. आमचं मागणं एवढंच: ती चौकशी रद्द करा. दादाचं 'होय' खोडा. मग पुन्हा विचारा, सावकाश. या वेळी मी बाहेर थांबणार न्हाई.