उंदराचा दमा आणि एका विकरावरील आरोप

कीटकांचे कवच, कोळंबीचे साल, बुरशीची पेशीभित्तिका आणि घरातील धुळीत वावरणाऱ्या माइट या सूक्ष्म अष्टपाद जीवांचे आवरण ज्या चिवट बहुशर्करेने बनते, तिला कायटिन म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या शरीरात कायटिन मुळीच तयार होत नाही. तरीही त्याचे तुकडे करणारे आम्लधर्मी कायटिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, उंदरांच्या जठरात आणि फुप्फुसांत आढळते.

दम्याशी त्याचे नाव जोडले गेले ते २००४ मध्ये, येल विद्यापीठातील जॅक इलायस यांच्या गटाच्या प्रयोगांमुळे. उंदराला माणसासारखा दमा आपसूक होत नाही, तो घडवावा लागतो: अंड्याच्या पांढऱ्या भागातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारासह उंदराच्या पोटात टोचले जाते, काही दिवसांनी त्याच प्रथिनाचे तुषार त्याला हुंगायला लावले जातात, आणि मग श्वासमार्गात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होऊन मेथाकोलीन या श्वासनलिका आकसवणाऱ्या रसायनाच्या थोड्या मात्रेनेही त्या आकसतात. अशा उंदरांच्या फुप्फुसांत कायटिनेज भरमसाट वाढलेले दिसले, इंटरल्यूकिन-१३ हा पेशींमधील निरोप्या रेणू त्या वाढीमागे असल्याचे आढळले, आणि विकराला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये दिल्यावर दाह ओसरला. साहजिकच हे विकर दम्याच्या औषधांचे लक्ष्य ठरले.

पण ओव्हाल्ब्युमिनमध्ये कायटिन नसते, मग हे विकर नेमके काय तोडत होते, हा प्रश्न तेव्हा पुरेसा जोरात विचारला गेला नाही असे म्हणावे लागते. रिचर्ड लॉक्सली यांच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने २००७ मध्ये खुद्द कायटिनच उंदरांच्या नाकावाटे दिले, तेव्हा इओसिनोफिल व बेसोफिल पेशी फुप्फुसांत गोळा झाल्या. मात्र कायटिन आधीच कायटिनेजने तोडलेले असले किंवा उंदराच्या फुप्फुसात हे विकर मुद्दाम जास्त बनवलेले असले, तर ही गर्दी झाली नाही. पुढे या विकराचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांतही ॲलर्जीचा दाह जवळपास तसाच होतो, असे २०१२ मध्ये दिसून आले. रोगात एखादा रेणू वाढला म्हणजे रोग त्यानेच घडवला असे होत नाही, हे अशा वेळी सहज निसटते.

लॉक्सली यांच्याच गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी चित्र आणखी पालटले. विकर नसलेल्या उंदरांच्या श्वासमार्गात भोवतालच्या हवेतून आलेले कायटिन साचत गेले, वय वाढेल तसे त्यांच्या फुप्फुसांत तंतुमय ऊती वाढून ती ताठरली, आणि फुप्फुसात कायटिनेज परत उपलब्ध करून दिल्यावर हा बिघाड कमी झाला. काही आठवड्यांत आटोपणाऱ्या ओव्हाल्ब्युमिनच्या प्रयोगांत इतक्या संथ गतीने साचणारा परिणाम दिसणे शक्यच नव्हते.